अ, ॲन, द: कधी लावायचं, कधी गाळायचं

'मी डॉक्टर शोधतोय' आणि 'मी डॉक्टरांना शोधतोय' यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. पहिल्यात कुठलाही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात ठरावीकच हवेत. आपल्याकडे हे काम 'ना' हा प्रत्यय करतो, इंग्रजीत आर्टिकल: आधी 'अ डॉक्टर', मग 'द डॉक्टर'.

म्हणून नाम आलं की पहिला प्रश्न ऐकणाऱ्याच्या बाजूने विचारा: नेमकं कुठलं, हे त्याला कळेल का? कळत असेल तर 'द'. 'क्लोज द डोअर' म्हणताना दाराचा विषय आधी निघालेला नसतो. पण समोर उघडं दार एकच आहे, तेवढं पुरतं. कळत नसेल तर दुसरा प्रश्न: वस्तू मोजता येते का, आणि एकच आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर 'अ' किंवा 'ॲन', नाहीतर नाम मोकळं सोडा. 'आय लाइक म्युझिक' म्हणजे एकूणच संगीत. 'आय लाइक द म्युझिक' म्हणजे आत्ता वाजतंय ते. 'माय', 'धिस' असे शब्द आधीच असतील तर आर्टिकलला जागाच उरत नाही.

आपण सर्वांत जास्त चुकतो ते व्यवसाय सांगताना. 'ती शिक्षिका आहे' यात 'एक' नसतं, म्हणून 'शी इज टीचर' असं तोंडातून निघून जातं. तिथे 'अ टीचर' हवंच. दुसरा खड्डा मोजण्याचा. मराठीत दोन बातम्या असतात, चार सल्ले असतात. इंग्रजीत 'न्यूज' आणि 'ॲडव्हाइस' मोजत नाहीत, त्यामुळे 'ॲन ॲडव्हाइस' चूक. एकच सांगायचा असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'.

'अ' की 'ॲन' हे स्पेलिंगवर ठरत नाही, उच्चारावर ठरतं. इथे देवनागरी फार कामाला येते: लगेच पुढचा शब्द देवनागरीत लिहून पाहा. स्वराने सुरू झाला तर 'ॲन', व्यंजनाने झाला तर 'अ'. अवर (तास), एमबीए, ऑनेस्ट मॅन यांना 'ॲन'. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे स्ट्रीट यांना 'अ'. मध्ये विशेषण घुसलं की निकाल बदलतो: 'ॲन आयडिया', पण 'अ न्यू आयडिया'.

काही गोष्टी मात्र पाठच कराव्या लागतात. नद्या, समुद्र, पर्वतरांगा यांना 'द' लागतं. एकट्या शिखराला किंवा सरोवराला सहसा लागत नाही. म्हणून 'द हिमालयाज', पण 'माउंट एव्हरेस्ट'. देश मोकळे, अपवाद 'द नेदरलँड्स', 'द फिलिपीन्स', 'द युनायटेड स्टेट्स' असे. शिकायला जाणारं मूल 'टू स्कूल' जातं. मुख्याध्यापकांना भेटायला निघालेले पालक 'टू द स्कूल'.

'फ्यू'च्या आधी तर जपूनच. 'आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे चार मित्र आहेत. 'अ' गळला की मित्रच फारसे नाहीत अशी तक्रार होते.