नदीकाठच्या काउंटीत माणसं कशानं मेली? अमेरिकेतलं जुनं मृत्युपत्रक कसं वाचावं

अमेरिकेत 1850, 1860, 1870 आणि 1880 या चार जनगणनांच्या वेळी सरकारी माणूस घरोघर जाऊन एक जादा प्रश्न विचारायचा: गेल्या वर्षभरात या घरात कोणी वारलं का? उत्तरं ज्या तक्त्यावर उतरली त्याचं नाव मॉर्टॅलिटी शेड्यूल, म्हणजे मृत्युपत्रक. आज हे तक्ते वंशावळ शोधण्याच्या संकेतस्थळांवर बघता येतात: फॅमिलीसर्चवर फुकट आणि ॲन्सेस्ट्रीवर पैसे भरून. सराव म्हणून मिसूरी राज्यातली सलीन काउंटी (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्हा) घेऊ. उत्तरेला आणि पूर्वेला मिसूरी नदी, काठावर ॲरो रॉक नावाचं बोटी लागण्याचं गाव, आत ताग-तंबाखूची शेतं.

पहिल्याच पानावर एक मोह होतो, तो आवरा. पत्रकात ‘मृत्यूचं कारण’ असा रकाना असतो आणि नजर थेट तिकडेच धावते. तो शेवटी वाचायचा. कारण सांगणारा बहुतेकदा डॉक्टर नसायचा, घरातलं कुणीतरी असायचं, आणि लिहून घेणाऱ्याला वैद्यकातलं काही कळत असेलच असं नाही. वय, महिना आणि किती दिवस आजारी, हे तीन रकाने मात्र घरच्यांना पक्के आठवत असत.

वर्ष नीट धरा

1850 च्या पत्रकातलं वर्ष 1 जून 1849 ला सुरू होतं आणि 31 मे 1850 ला संपतं. म्हणजे ‘ऑगस्ट’ लिहिलं असेल तर तो 1849 चा ऑगस्ट आणि ‘मार्च’ असेल तर 1850 चा. पुढच्या तिन्ही पत्रकांचा हिशोब असाच.

याचा दुसरा अर्थ असा की दहा वर्षांतलं एकच वर्ष आपल्याला दिसतं. 9 एप्रिल 1852 ला शेजारच्या लाफायेट काउंटीत, लेक्सिंग्टनच्या धक्क्याजवळ ‘सलूडा’ बोटीचा बॉयलर फुटला आणि कित्येक प्रवासी मेले. ते कुठल्याच पत्रकात नाहीत. 1878 चा पीतज्वर मेम्फिसमध्ये पाच हजारांवर माणसं घेऊन गेला, तोही नाही. उलट 1849 ची पटकी, म्हणजे कॉलरा, पत्रकात अर्धीमुर्धी सापडते. ती 1848 च्या डिसेंबरात न्यू ऑर्लिन्सला उतरली आणि आगबोटींबरोबर मिसिसिपीनं वर चढली. सेंट लुइसमध्ये त्या साली साडेचार हजारांच्या आसपास माणसं तिनं मेली. नदीकाठच्या काउंटीत जूनच्या आधी जे गेले ते पत्रकाबाहेर राहिले, जूनपासूनचे आत आले.

वय, महिना, दिवस: तिन्ही एका ओळीत

आता कागदावर चार उभ्या रेघा ओढा आणि एकेक नोंद उतरवा. नमुन्यादाखल एक ओळ धरू: मुलगा, वय एक वर्ष, ऑगस्ट, बारा दिवस, कारण ‘फ्लक्स’. शब्द झाकून उरलेलं वाचा. भर उन्हाळ्यातलं तान्हं, अंगावरचं दूध सुटण्याच्या वयाचं, बारा दिवस झुरून गेलं. विहिरीचं पाणी, नासलेलं दूध, माश्या. आता शब्द उघडा: फ्लक्स म्हणजे हगवण. दोन्ही जुळतात, म्हणून नोंद विश्वासाची.

आता दुसरी धरू: बाई, वय 28, मे महिना, ‘एक वर्ष’ आजारी. इथं कारण वाचायच्या आधीच म्हणता येतं, तो बहुधा क्षय. पत्रकात ‘कन्झम्प्शन’ लिहिलेलं सापडेल. तरणाताठा पुरुष, जुलै, एक दिवस, म्हटलं की पटकी किंवा अपघात.

‘किती दिवस’ हा रकाना फक्त 1850 आणि 1860 मध्ये आहे. 1870 पासून तो काढून टाकला. मला विचाराल तर ही मोठी चूक झाली, कारण त्या पत्रकांत तुम्ही लिहिलेल्या शब्दावर जास्त विसंबून राहता. 1880 मध्ये भरपाई म्हणून डॉक्टरचं नाव आणि रोग कुठं जडला हे दोन रकाने आले.

आता शब्द

बरेच शब्द आपल्या आजीच्या तोंडच्या शब्दांसारखेच आहेत. तीही रोगाला लक्षणावरूनच नाव द्यायची. ‘ड्रॉप्सी’ म्हणजे अंगात पाणी साठून सूज येणं. मूळ दुखणं हृदयाचं की मूत्रपिंडाचं ते कळत नाही. ‘लंग फीव्हर’ आणि ‘विंटर फीव्हर’ बहुतेक न्यूमोनिया. ‘प्यूट्रिड सोअर थ्रोट’ हा बहुधा घटसर्प, ‘लॉकजॉ’ म्हणजे धनुर्वात, ‘चाइल्डबेड’ म्हणजे बाळंतपण किंवा त्यानंतरचा ताप. ‘टीथिंग’ म्हणजे दात येणं. दातांनी मूल मरत नाही, पण दात फुटण्याच्या वयात वरचं खाणं सुरू होतं आणि जुलाब लागतात. आपल्याकडेही अजून जुलाबाचं बिल दातांवरच फाडतात.

सगळ्यात फसवा शब्द ‘कॉलरा’. ‘कॉलरा इन्फँटम’ हा लहान मुलांचा उन्हाळी जुलाब आणि ‘कॉलरा मॉर्बस’ हा साधा ओकारी-जुलाब. पटकीशी दोन्हींचा संबंध नाही. पहिल्यांदा यादी करताना मी हे तिन्ही एकत्र मोजले आणि एका शांत वर्षात भली मोठी साथ शोधून काढली! वयाचा रकाना पाहिल्यावर लक्षात आलं की माझ्या साथीत दोन वर्षांवरचं जवळजवळ कोणी नव्हतंच.

मग नदीचा हिशोब

सलीनसारख्या काउंटीचा खरा रोग ‘एग्यू’: थंडी वाजून ताप, एक दिवसाआड. म्हणजे हिवताप. पत्रकात तो ‘इंटरमिटंट’, ‘कंजेस्टिव्ह’ किंवा ‘बिलियस फीव्हर’ अशा नावांखाली येतो. रॉकी पर्वतातलं बर्फ वितळलं की जूनमध्ये मिसूरीला पूर यायचा, तो ओसरला की काठच्या सखल जमिनीत डबकी उरायची. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा तापाचा मोसम. दोष डबक्यातल्या दुर्गंधी हवेला दिला जायचा. डासाचा हात रोनाल्ड रॉसनं 1897 साली सिकंदराबादेत दाखवला.

ॲरो रॉकचे डॉक्टर जॉन सॅपिंग्टन 1832 पासून तापावर क्विनीनच्या गोळ्या विकत होते. त्या काळचे बाकीचे डॉक्टर ताप आला की रक्त काढत आणि पाऱ्याचं कॅलोमेल पाजत. सॅपिंग्टन दोन्हींच्या विरोधात होते आणि 1844 मध्ये त्यांनी तसं पुस्तकच लिहिलं. त्यांच्या तीन मुली एकामागून एक एकाच जावयाला दिल्या गेल्या, कारण पहिल्या दोघी तरुणपणीच वारल्या. जावई क्लेबोर्न जॅक्सन पुढे मिसूरीचा गव्हर्नर झाला.

नदीकाठी आणखी दोन गोष्टी बघा. एक, ‘ड्राउन्ड’, म्हणजे बुडून. दुसरी, जी पत्रकात नाही ती. बोटीवर मेलेला खलाशी, पटकीनं संपलेलं अख्खं कुटुंब, पश्चिमेकडे निघालेला वाटसरू: यांच्यासाठी दारात उभं राहून उत्तर देणारं कोणी नसतं. म्हणून पत्रकातली बेरीज नेहमी कमीच धरा.

शरद ऋतूत जंगलालगतच्या घरांत एकापाठोपाठ माणसं गेली असतील तर ‘मिल्क सिकनेस’ शोधा. कुरण सुकलं की गाई स्नेकरूट नावाचं पांढऱ्या फुलांचं झुडूप खात आणि त्याचं विष दुधातून माणसांत उतरे. अब्राहम लिंकनची आई नॅन्सी ऑक्टोबर 1818 मध्ये यानंच गेली, इंडियानातल्या स्पेन्सर काउंटीत, तीही ओहायो नदीच्या काठची.

गुलामांच्या नोंदी वेगळ्या काढा

1860 मध्ये सलीनमधला सुमारे दर तिसरा माणूस गुलाम होता. गुलामांच्या स्वतंत्र यादीत मालकाचं नाव असतं, गुलामाचं सहसा नसतं. मृत्युपत्रकात मात्र बऱ्याचदा पहिलं नाव सापडतं. कित्येक माणसांचं नाव सरकारी कागदावर एवढंच एकदा लागलेलं असतं. पण इथं सांगणारा बहुतेकदा मालक असतो, हे विसरू नका. गुलाम बाळांपुढे ‘स्मदर्ड’, म्हणजे झोपेत आईच्या अंगाखाली गुदमरून, असं कारण खटकण्याइतक्या वेळा दिसतं. कामानं पिचलेल्या, पोटभर न खाल्लेल्या आईचं अशक्त बाळ रात्रीत गेलं तर दोष आईवर टाकणं सोपं होतं. अशा नोंदीपुढे मी प्रश्नचिन्ह काढतो.

पडताळा

शंका आली की दुसरा कागद काढा. मिसूरीत 1883 ते 1893 या काळात काउंटी क्लार्कनं जन्म-मृत्यू नोंदवावेत असा कायदा होता, पण नोंदी अर्धवट आहेत. राज्यभर नियमित दाखले 1910 पासून आहेत. बुडालेल्यांसाठी कॉरोनरच्या, म्हणजे अपघाती मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीचे कागद बघा. मिसूरी स्टेट अर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर यातलं बरंच काही फुकट आहे.

मोठं माणूस गेलं असेल तर प्रोबेटचं, म्हणजे मृताच्या मिळकतीच्या कोर्टातल्या कागदांचं, पाकीट मागवा. मिळकतीतून देणी फेडायची असल्यानं त्यात डॉक्टरचं बिल मिळू शकतं: कुठल्या तारखेला किती भेटी, काय औषध. क्विनीन दिसलं तर डॉक्टरला हिवतापाचा संशय असावा, असा अंदाज येतो. त्याच पाकिटात सुताराची शवपेटीची पावतीही कधी कधी निघते. एक वर्षाच्या मुलाची मिळकत नसते, त्यामुळे पाकीटही नसतं. आपल्या नमुन्यातल्या त्या मुलासाठी पत्रकातली एक ओळ आणि बारा दिवस, एवढंच हाती राहतं.