निरोपाचा अल्बम गावात ऐकवायचा असेल तर

जुन्या बँडचा शेवटचा अल्बम आला की चाहता आधी निरोपावर बोलतो, गाण्यांवर मागाहून. पहिल्या दिवशीची "काय अल्बम आहे!" ही दाद बरेचदा चाळीस वर्षांच्या सोबतीला दिलेली असते. ती खोटी नसते, पण ती अल्बमवरची प्रतिक्रिया म्हणून धरली तर गाण्यांवर अन्याय होतो. म्हणून गावात अल्बम ऐकायची बैठक दोनदा घ्यायची, मध्ये आठ दिवस सोडून, आणि ऐकणाऱ्यांच्या मतांच्या दोन्ही वेळच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवायच्या.

उदाहरणाला ओएमडी घेऊ, म्हणजे ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क. लिव्हरपूलजवळच्या विरल भागातल्या अँडी मॅकक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज यांनी १९७८ मध्ये हा बँड काढला. १९८९ मध्ये हम्फ्रीज बाहेर पडले, १९९६ मध्ये बँड थांबला, २००६ मध्ये पुन्हा जुळला. २७ ऑक्टोबर २०२३ ला 'बाउहाउस स्टेअरकेस' आला आणि हा बहुधा आपला शेवटचा अल्बम, असं मॅकक्लस्की यांनी सांगितलं. एकदा मोडून जुळलेला बँड असल्यामुळे चाहत्यांत दोन तट पडणारच: कोणी हा शेवट मनाला लावून घेईल, कोणी म्हणेल, येतील परत. दोघांचंही लिहून घ्या.

वेळ सामुदायिक प्रार्थना आटोपल्यावरची धरा. साडेसातला सुरू केलं की साडेनऊला सतरंज्या गुंडाळता येतात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि मंडपात लावायचा असेल तर आधी परवानगी लागते. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, तेव्हा बैठक नकोच. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत बाया उन्हातून थकून येतात, त्यामुळे अल्बम सलग न लावता सहा गाण्यांनंतर चहा ठेवा. बारा गाण्यांच्या अल्बमला तो थांबा नेमका मध्यावर येतो.

आता आवाज. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

भजन मंडळाचे भोंगे लावू नका. भोंगा बोलण्यासाठी केलेला असतो. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं त्यातून फारसं बाहेर येत नाही, आणि सिंथपॉपचा, म्हणजे ओएमडीसारख्या सिंथेसायझरवर उभ्या संगीताचा, पाया तर ५० ते १०० हर्ट्झमध्ये असतो. भोंग्यावर हा अल्बम ऐकलेला माणूस "पोकळ वाटलं" असं म्हणेल, आणि दोष बँडच्या माथी बसेल. दोन बॉक्स स्पीकर आणि घरचा स्टिरिओ अँप्लिफायर पुरे. बॉक्स शाळेच्या टेबलावर ठेवा. खाली बसलेल्याचा कान जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असतो, तेवढीच त्यांची उंची हवी. दोन बॉक्समध्ये आठ फूट अंतर ठेवा आणि पहिली रांगही तेवढीच दूर बसवा.

मोबाइलची पिन मायक्रोफोनच्या भोकात खुपसू नका. मायक्रोफोनकडून काही मिलिव्होल्टच येतात, मोबाइल त्याच्या कितीतरी पट देतो, म्हणून आवाज फाटतो. दुसरी गडबड कानाला चटकन कळत नाही. काही अँप्लिफायरचं मायक्रोफोनचं भोक बॅलन्स्ड असतं. त्यात स्टिरिओ पिन घातली की अँप्लिफायर डाव्या आवाजातून उजवा वजा करतो. गायक, बेस आणि ढोलाचा ठोका दोन्हीकडे सारखे असतात, ते एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात कडेकडेचे सूर आणि घुमारा. गायक विहिरीच्या तळातून गातोय असं वाटलं तर हेच झालंय. मोबाइलकडे ३.५ मिलिमीटरची आणि अँप्लिफायरकडे लाल-पांढऱ्या दोन आरसीए पिना असलेली वायर घ्या आणि ती ऑक्स किंवा लाइन इनमध्येच लावा.

गायक नीट ऐकू येतो पण बेस पातळ लागतो, असं असेल तर एका बॉक्सच्या लाल-काळ्या तारा उलट्या जोडल्या गेल्यात. दोन्ही बॉक्सच्या बरोबर मध्ये उभं राहून ऐका, एकाच बॉक्सच्या तारा अदलाबदल करा. बेस भरला की जोडणी बरोबर.

अल्बम आदल्या दिवशीच, नेटवर्क असेल तिथे, सर्वात वरच्या दर्जात उतरवून ठेवा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, इक्वलायझर आणि क्रॉसफेड (एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणं) बंद करा. चार्जर लावल्यावर गुणगुण येत असेल तर चार्जर काढा, पण अँप्लिफायरची अर्थिंगची पिन कधीही मोडू नका.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं, म्हणून सगळं इन्व्हर्टरवर घ्या. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते, त्यातले निम्मेच हाताशी धरा. अँप्लिफायर आणि दिवे मिळून १५० वॉट ओढत असतील तर दोन तासांची बैठक आरामात निघते. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवाला स्पीकरमध्ये घुर्र करत राहतो.

समाजमंदिरात एक टाळी वाजवून पाहा. तिच्या घुमाऱ्याचं शेपूट सेकंदभर रेंगाळलं तर सिंथच्या झटपट सुरांचा चिखल होणार. खाली सतरंज्या अंथरा आणि मागच्या भिंतीवर गोधड्या टांगा, पण भिंतीला चिकटवून नाही, वीतभर जागा सोडून. ती हवेची फट खालचे सूर शोषायला मदत करते. बेस लागल्यावर टिनाचा पत्रा थरथरला तर काठीने एकेक पत्रा दाबून पाहा. कुठला ते सापडलं की त्याच्या ढिल्या हूक बोल्टखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा सारून बोल्ट आवळा. आवाज इतकाच ठेवा की शेजारच्याशी जरा चढ्या आवाजात बोलता यावं.

गाणं चालू असताना अर्थ सांगत बसू नका. सुरुवातीलाच दर गाण्यामागे एका ओळीत आशय सांगा. अल्बमचं नाव ऑस्कर श्लेमर यांच्या १९३२ च्या चित्रावरून आलंय, त्यात बाउहाउस कलाशाळेच्या जिन्यावरून चाललेले विद्यार्थी आहेत. मोबाइलवर ते चित्र एकदा फिरवा. तुलनेसाठी आधी एकच जुनं गाणं ऐकवा: १९८० चं 'एनोला गे', हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या विमानावरचं. सुटसुटीत चाल आणि जड विषय ही या बँडची खोड त्यात लगेच कळते.

चिठ्ठ्या वहीच्या पानाच्या चार तुकड्यांच्या करा. ज्याला हा शेवटचा अल्बम आहे हे आधीच माहीत आहे त्याच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'मा' लिहा, ज्याला नाही त्याच्या 'न'. पहिल्या बैठकीत ही बातमी शेवटपर्यंत जाहीर करू नका. 'न'वाल्यांच्या चिठ्ठ्या फार मोलाच्या असतात, कारण त्यांनी नुसती गाणी ऐकलेली असतात. "आवडलं का?" विचारूच नका. गावात पाहुण्याच्या गाण्याला कोणी वाईट म्हणत नाही, सगळे "छान होतं" म्हणून मोकळे होतील. तीन प्रश्न पुरेत: कितव्या गाण्याला मान हलली, कितव्याला कंटाळा आला, आणि असा आवाज आधी कुठे ऐकला. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं सर्वात रसाळ येतात. नागपूरकडच्या धुमालात, म्हणजे वरातीत वाजणाऱ्या ढोल-ताशांच्या बँडात, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड (विजेवरचा ढोल) असतोच, त्यामुळे कोणी "हे त आपल्या धुमालावानी वाजून रायलं" म्हणालं तर जसंच्या तसं लिहा, प्रमाण भाषेत सुधारू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यापाशी शाळेतली पोरं बसवा.

चर्चेआधी चिठ्ठ्या गोळा झाल्याच पाहिजेत. एखादे बुजुर्ग भाऊजी आधी बोलले की मागचे सगळे "होय बा" म्हणतात आणि सगळ्या चिठ्ठ्या एकसारख्या होतात.

आठ दिवसांनी तीच माणसं, तीच जागा, तोच आवाज. व्हॉल्यूमच्या बटणावर पहिल्या दिवशीच पेन्सिलने खूण करून ठेवा, कारण जरा मोठ्याने वाजलेलं तेच गाणं कानाला चांगलं वाटतं. या वेळी हा निरोप आहे हे सगळ्यांना सांगा आणि तेच तीन प्रश्न विचारा. मग प्रत्येकाच्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवा. दोन्ही वेळा मान हललेलं गाणं स्वतःच्या ताकदीवर उभं आहे. 'न'वाल्याची मान फक्त दुसऱ्या वेळी हलली असेल तर गाणं ओळखीचं झालं किंवा निरोप कळला, यातलं काय घडलं ते त्यालाच विचारा आणि त्याचं उत्तर चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा.