दुखत नाही ती जागा

इन्सुलिन नव्यानं सुरू झालं की भेटेल तो सांगतो, "मुंगी चावल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही." सांगणाऱ्यानं स्वतःच्या पोटात कधी सुई घातलीय का, एवढं विचारून बघा. मला दुखायचं. इन्सुलिनचं पेन (पेनासारखं दिसणारं इंजेक्शन) हातात धरून मी दहा-दहा मिनिटं पलंगाच्या कडेवर बसून राहायचे आणि ताटातली भाजी निवून जायची. तुमचंही असं होत असेल तर तुम्ही नाजूक नाही आहात. दिवसाला चार म्हणजे वर्षाला १,४६० वेळा टोचून घ्यायचं आहे. ते कमी दुखावं असं कुणालाही वाटेल.

पण कमी दुखण्याच्या मागे लागूनच मी फसले, म्हणून आधी तेच सांगते.

बेंबीच्या डावीकडे चार बोटांवर मला एक जागा सापडली. तिथं सुई गेलेली कळायचीसुद्धा नाही. मला हायसं वाटलं. रात्रीचं बेसल, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन, तिथं, जेवणाआधीचंही तिथंच. असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. दरम्यान सकाळची उपाशीपोटी शुगर एक दिवस ९०, दुसऱ्या दिवशी २६०. बेसलचा डोस १८ युनिटवरून चढत चढत २६ वर गेला. घरात सगळ्यांना वाटायचं, ही चोरून गोड खाते. तो संशय मला सुईपेक्षा जास्त लागायचा.

शेवटी एका डायबेटिस एज्युकेटरनं, म्हणजे मधुमेह कसा सांभाळायचा ते शिकवणाऱ्या बाईंनी, मला टेबलावर झोपायला सांगितलं आणि पोटावरून बोटं फिरवली. "ताई, रोज इथंच घेता ना?" त्यांनी माझीच बोटं धरून त्या जागेवर ठेवली. कातडीखाली लिंबाएवढा फुगवटा होता, दाबला तर रबरासारखा.

याला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात. इन्सुलिनमुळे चरबी वाढते. रोज एकाच ठिकाणी इन्सुलिन पडलं आणि तिथंच सुई लागत राहिली की त्या जागची चरबी फुगते, घट्ट होते आणि तिथलं दुखणं कळेनासं होतं. म्हणजे मला जी जागा चांगली वाटत होती, ती बिघडली होती म्हणूनच दुखत नव्हती. अशा गाठीतून इन्सुलिन रक्तात कधी रखडत जातं, कधी एकदम जातं. आकडे वर-खाली होणारच. डोस वाढवून काही होत नाही, कारण चूक डोसात नसते, जागेत असते.

आता पुढचं नीट वाचा, दोनदा वाचा. गाठ कळल्यावर मी त्याच रात्री जागा बदलली आणि २६ युनिट मांडीत घेतले. डोसाचं काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. चांगल्या जागेतून इन्सुलिन पूर्ण लागू पडलं. पहाटे तीनला जाग आली तेव्हा अंगावरचे कपडे घामानं भिजले होते, हात कापत होते आणि मीटरवर ४८ होतं. आईनं तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, परत पाजलं. गाठीतून चांगल्या जागेवर जायचं असेल तर त्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि डोस किती कमी करायचा ते विचारा. आपल्या मनानं ठरवू नका. सुरुवातीचे काही दिवस शुगर जास्त वेळा तपासा, रात्रीसुद्धा.

एवढं सांभाळलं की बाकीचं खरंच जमतं.

फ्रिजमधलं गार इन्सुलिन झोंबतं. चालू पेन बाहेर ठेवलं तरी बहुतेक इन्सुलिन २८ दिवस टिकतात, पण किती तापमानापर्यंत ते खोक्यावर बघा. आमच्या जळगावच्या मे महिन्यात घरातलं कपाटही तापतं, तेव्हा मी पेन कोरड्या डब्यात बंद करून माठाच्या गारव्यात ठेवते. ते फ्रिजइतकं गार होत नाही, म्हणून टोचताना त्रास नाही. स्पिरिट लावलंत तर पूर्ण वाळू द्या, ओल्या स्पिरिटवर सुई गेली की आग होते. अंघोळ झालेली असेल आणि कातडी स्वच्छ असेल तर मी लावतही नाही. सुईचं टोक आधी कातडीवर अलगद टेकवा. टेकवतानाच टोचलं तर अर्धा सेंटिमीटर सरका. सरळ आत घाला, बटण सावकाश दाबा, दहा आकडे मोजा, मग काढा. चोळू नका. परकराची किंवा सलवारीची नाडी जिथं येते तो पट्टा सोडून द्या, दिवसभर तिथं काचत राहतं.

सुई लहान घ्या. ४ मिलिमीटरची पेनची सुई बहुतेक मोठ्या माणसांना पुरते, जाड शरीर असलं तरी. लांब सुईनं औषध "चांगलं लागतं" हा गैरसमज आहे. ती स्नायूत गेली तर दुखतं आणि शुगरही अचानक उतरू शकते.

सुई परत वापरण्याबद्दल माझं मत ठाम आहे. माझी आत्या काचेची सिरिंज उकळून वर्षानुवर्षं तीच सुई वापरायची आणि अजून मला ऐकवते, "आम्हाला काय झालं?" तेव्हाच्या सुया जाड होत्या. आजची ३२ गेजची सुई पाव मिलिमीटरहूनही बारीक असते, तिच्यावरचा गुळगुळीत लेप पहिल्याच वेळी निघून जातो. चौथ्या-पाचव्या वेळी दुखतं ते म्हणूनच, आणि गाठीही त्यानं वाढतात. परवडत नसेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. व्हायल (इन्सुलिनची बाटली) आणि सिरिंज वापरणाऱ्यांनी मात्र ४० च्या (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) बाटलीला ४० चीच सिरिंज, १०० च्या बाटलीला १०० चीच, हे दर वेळी मेडिकलमध्येच तपासून घ्यावं. १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत टाका. कचरा उचलणाऱ्या बाईंच्या हाताला त्या लागू नयेत.

जागा फिरवायची कशी? पोटाचे मनात चार भाग करा, एका आठवड्याला एक भाग, आणि आदल्या टोचणीपासून बोटभर अंतर. बेंबीपासून दोन बोटं सोडून. मी सोमवारच्या चौकोनात कालनिर्णयवर पेन्सिलीनं लिहिते: "उजवं वर", "डावं खाली". लक्षात ठेवीन म्हणाल तर राहणार नाही, हात आपोआप सवयीच्या जागेकडे जातो. माझा अजून जातो. अंघोळीच्या वेळी साबणाच्या हातानं पोट आणि मांड्या चाचपून बघा. ओल्या बोटांना गाठ लगेच लागते, डोळ्यांना ती दिसेलच असं नाही.

माझा फुगवटा आता सुपारीएवढा उरलाय. या आठवड्यात "उजवं खाली" आहे, आणि तिथं मला थोडं दुखतं.