हात आधी जोडावा की रंगवून?

सुट्या भागांतून जोडून रंगवायचा ५४ किंवा ७५ मिलिमीटर उंचीचा धातूचा मॉडेल सैनिक हाती आला की लगेच सुपरग्लू उघडायचा मोह होतो. तो आवरा. नेपोलियनच्या काळातल्या ग्रेनेडियरची (निवडक पायदळ सैनिकाची) बंदूक छातीशी चिकटवून टाकली, की तिच्यामागच्या पांढऱ्या पट्ट्यांपर्यंत ब्रश पोचतच नाही. आधी सगळे भाग ब्लू-टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट गोळ्याने) नुसते अडकवून बघा. जिथे ब्रश अडेल, तो भाग वेगळाच रंगवायचा. पाठीवरची सॅक तर जवळपास नेहमीच.

साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटलेली बारीक रेघ डोळ्यांना चकवते, नखाला मात्र लागते. ब्लेडची पाठ तिच्यावरून हलक्या हाताने ओढा, मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर, तोही ओला. जुन्या धातूत शिसं असू शकतं आणि रेझिनच्या (प्लॅस्टिकसारख्या) मॉडेलची धूळही फुफ्फुसांना वाईट, त्यामुळे मास्क लावा आणि नंतर हात धुवा.

सैनिकाचा जड हात नुसत्या ग्लूवर टिकत नाही, आत तार हवी. दोन्ही भोकं समोरासमोर कशी आणायची? सैनिकाच्या हातात भोक पाडून त्याच्या तोंडाशी रंगाचा ठिपका द्या आणि तो ओला असतानाच खांद्यावर टेकवा. खूण उमटेल तिथे ड्रिल. तारेसाठी इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा ग्लू) बरं. ते सावकाश धरतं, तोवर कोन सुधारता येतो. फट राहिलीच तर पुट्टी भरा.

शेवटी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून करड्या प्रायमरचे दोन पातळ हात मारा. सुटलेली एखादी रेघ आता हमखास दिसते, बहुधा नेमकी गालावर. खरवडा आणि तेवढ्यापुरता पुन्हा प्रायमर.