घरच्या गॅरेजमध्ये इंजिन बदलताय? या चुका टाळा

इंजिन बदललं आणि गाडी सुरू झाली नाही, की पहिला संशय नव्या इंजिनावर जातो. खरं तर दोष बहुतेक वेळा त्याच्या जोडण्यांत सापडतो: विसरलेली अर्थिंगची वायर, अर्धवट बसलेला टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारा भाग), जुन्या चुऱ्याने भरलेला ऑइल कूलर.

जुनं इंजिन का गेलं, हे न शोधणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बेअरिंग जाऊन इंजिन जाम झालं असेल, तर धातूचा बारीक चुरा ऑइलबरोबर फिरून कूलरमध्ये आणि त्याच्या पाइपांमध्ये साचलेला असतो. तोच कूलर नव्या इंजिनाला लावला की तो चुरा सरळ नव्या बेअरिंगांकडे जातो. पाइप नीट धुता येतात, पण कूलरच्या आतल्या अरुंद वाटा पूर्ण साफ झाल्या याची खात्री देता येत नाही. कूलर बदलाच. इंजिन गरम होऊन हेड गॅस्केट (ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं सील) गेलं असेल, तर रेडिएटर, पंखा आणि थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय नवं इंजिन चढवू नका.

आणलेलं इंजिन तसंच चढवणं

वापरलेलं इंजिन जमिनीवर असतानाच क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बोल्टला पाना लावून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठेही अडायला नको. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता धरा. सेल्फ लावून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजता आलं तर मोजा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या 75 टक्क्यांखाली असेल तर ते इंजिन बसवू नका. मागचं क्रँक ऑइल सील याच वेळी बदला, कारण नंतर तिथे पोचायला पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

एक गोष्ट फार कमी जण पाहतात. एकाच कुटुंबातल्या दोन इंजिनांत क्रँक सेन्सरच्या चकतीचे दात वेगळे असू शकतात. एकीवर 36 दातांच्या जागांपैकी एक रिकामी, तर दुसरीवर 60 पैकी दोन रिकाम्या. गाडीच्या ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) ओळखीचा सिग्नल मिळाला नाही तर स्पार्क येत नाही, आणि माणूस दिवसभर प्लग नि कॉइल बदलत बसतो. दोन्ही इंजिनं शेजारी ठेवून सेन्सर, चकती आणि कनेक्टर आधीच जुळवून पाहा.

उतरवताना

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. त्याआधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, तर लाइनमधला बराचसा दाब उतरतो. एसीचा गॅस हवेत सोडू नका. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर होस न काढताच सोडवून बाजूला बांधून ठेवता येतो. प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि फोटो काढा. बोल्ट जिथले तिथेच परत अडकवून ठेवणं त्याहूनही चांगलं, कारण लांबीत थोडासा फरक असलेला बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर ब्लॉक फुटू शकतो.

हॉइस्टचा (इंजिन उचलायच्या क्रेनचा) हात जितका पुढे ओढाल तितकी त्याची वजन पेलण्याची क्षमता घटते. हातावर प्रत्येक भोकाशी लिहिलेला आकडा वाचा. गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँडवर हवी. टांगलेल्या इंजिनाखाली हातसुद्धा घालू नका, बोल्ट कितीही हाताशी आलेला वाटला तरी.

बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढणं

घाईचं खरं नुकसान इथे होतं. इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडं हाताने, हलवत-डोलवत, एकमेकांना टेकायला हवीत. बोटभर फट राहिली की अनेकांना वाटतं, बोल्ट आवळले की येईल जवळ. त्याने बेल हाउसिंगचा (गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडल्या जाणाऱ्या कवचाचा) कान तुटतो किंवा क्लच प्लेट वाकते. फट राहतेय म्हणजे काहीतरी अडलंय: क्लच प्लेट मध्यावर नाही, डॉवेल पिन (दोन्ही भाग नेमके जुळवणारी खुंटी) तिरकी आहे किंवा मध्ये वायर चिमटली आहे. मागे घ्या आणि पाहा.

ऑटोमॅटिक गाडीत कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत बसवावा लागतो. आत ढकलत फिरवला की तो टप्प्याटप्प्याने आत उतरतो. जोडल्यानंतर फ्लेक्स प्लेट (क्रँकला जोडलेली पातळ चकती) आणि कन्व्हर्टर यांच्यात थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे आणि कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे. तो आत्ताच प्लेटला घट्ट दाबून बसला असेल, तर बोल्ट आवळताना गिअरबॉक्सचा ऑइल पंप फुटतो.

पहिला सेल्फ

ऑइल भरलं की लगेच किल्ली फिरवू नका. पेट्रोल गाडीत पंपाचा फ्यूज काढलेला ठेवून थोडा थोडा सेल्फ मारा, मध्ये त्याला थंड होऊ द्या, आणि ऑइलचा दिवा विझल्यावरच फ्यूज लावा. कोरड्या बेअरिंगांवर इंजिन पेटलं तर सुरुवातीच्या काही सेकंदांतच झीज होते.

सेल्फ जड फिरत असेल तर बॅटरीआधी इंजिन ते बॉडी अर्थिंग पाहा. ती पट्टी राहिली, तर करंट क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा वेग) चढा असेल तर इनटेक मॅनिफोल्डजवळचा सुटलेला व्हॅक्यूम पाइप शोधा. तापमानाचा काटा उड्या मारत असेल आणि हीटर थंड हवा फेकत असेल, तर कूलंटमध्ये हवा अडकली आहे. इंजिन थंड झाल्यावर गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ती काढा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

आणि आयडलला सगळी केबिन थरथरत असेल, तर माउंटिंग (इंजिन बॉडीला धरणारे रबरी आधार) पिळलेल्या अवस्थेत आवळली गेली असण्याची शक्यता मोठी. इंजिनाला खालून आधार देऊन माउंटिंगचे बोल्ट ढिले करा, इंजिन हलवून स्वतःच्या जागी बसू द्या आणि मग टॉर्क पान्याने पुन्हा आवळा.