घरी केलेल्या लाकडी गाड्यांची शर्यत क्लबात कशी भरवायची

सांगलीत शर्यत म्हटलं की लोकं आधी विचारतात मैदान कुठलं आणि बैल कुणाचे, त्यामुळं पोस्टरवर "लाकडी मॉडेल गाड्या" हे मोठ्या अक्षरात टाका. या गाड्यांना मोटर नाही, सेल नाही, रिमोट नाही. उतारावर ठेवायची, सोडायची, जी आधी निशाण पार करेल ती जिंकली. 1953 साली कॅलिफोर्नियात डॉन मर्फी म्हणून एक स्काउटवाला होता, त्याचा पोरगा आत बसून चालवायच्या उतारगाड्यांच्या शर्यतीला वयानं लहान पडत होता म्हणून त्यानं हा छोट्या गाड्यांचा प्रकार काढला, आणि तिकडं तो अजून चालू आहे. आपल्याकडं करायला काहीच अवघड नाही, फक्त नियम लाकूड कापायच्या आधी ठरले पाहिजेत, नंतर ठरवले की भांडणं ठरलेली.

तारीख दिवाळीनंतरची धरा. किल्ले बांधून झाले की पोरं सुट्टीत मोकळी असतात, गाड्या तेव्हा होतात आणि शाळा सुरू झाल्यावर एखाद्या रविवारी शर्यत. पावसाळ्यात नकोच, प्लाय दमट हवेत वाकतो आणि ट्रॅक जोडावर उचलला जातो. जागा म्हणजे सोसायटीचा हॉल, शाळेचा हॉल, मंगल कार्यालय, काहीही चालेल, लांबी सरळ 45 फूट मिळाली की झालं.

आधी नियम, एका कागदावर

- वजन जास्तीत जास्त 150 ग्रॅम
- लांबी 18 सेंटीमीटर, रुंदी साडेसात सेंटीमीटर, यापेक्षा जास्त नाही
- डाव्या-उजव्या चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये 45 एमएम अंतर, गाडीच्या पोटाखाली 10 एमएम मोकळं
- ॲक्सलला तेल, ग्रीस चालणार नाही, पेन्सिलची पूड (ग्रॅफाइट) चालेल
- वजनासाठी गळाला लावतात ते शिसं नको, ते विषारी असतं आणि लहान पोरं हात तोंडात घालतात, त्यापेक्षा नट, वॉशर, नाणी लावा

चाकं आणि ॲक्सल मात्र क्लबनंच द्या, हे माझं ठाम मत आहे. वखारीतून किंवा फर्निचरवाल्याकडून एकाच लाकडाचे ठोकळे कापून घ्या, रुंदी 4 सेंटीमीटर, म्हणजे चाकं बाहेरून नीट बसतात. टर्निंगवाल्याकडून 30 एमएमची लाकडी चाकं एकाच लॉटची करून घ्या आणि ॲक्सलला सायकलची स्पोक, प्रत्येकाला एक ठोकळा, चार चाकं, दोन स्पोकचे तुकडे असं पाकीट. बाटलीची झाकणंपण चालतात पण त्यांचं भोक मधोमध पडत नाही, गाडी डुलत जाते आणि मग "मला खराब चाकं दिली" सुरू होतं.

ट्रॅक

8 बाय 4 चा 12 एमएम प्लाय घेतला आणि लांबीत फूट-फूट रुंद कापला की 8 फुटी चार पट्ट्या निघतात, म्हणजे 32 फुटांचा दोन लेनचा ट्रॅक एका शीटमध्ये. चार लेन पाहिजेत तर दोन शीट, दोन-दोन फुटाच्या पट्ट्या. चारच करा, दोन लेनवर शर्यत संध्याकाळपर्यंत संपत नाही. उताराचा खालचा भाग, म्हणजे दुसरी पट्टी, 6 एमएमच्या प्लायची ठेवा म्हणजे ती वाकते.

सुरुवातीची उंची 4 फूट. पहिली पट्टी सरळ उतार, ती साधारण पावणेतीन फूट खाली येते, दुसरी हळूहळू वाकत उरलेला सव्वा फूट उतरून सपाट होते, पुढच्या दोन पट्ट्या पूर्ण सपाट. तिथं टोकदार कोपरा राहिला की गाडीचं नाक आपटणार. प्रत्येक लेनच्या मधोमध दीड इंच रुंद, 6 एमएम उंच प्लायची पट्टी फेव्हिकॉलनं चिकटवा, गाडी तिच्यावर दोन्ही बाजूंनी चाकं टाकून जाते, म्हणजे लेन सोडत नाही. वाकलेल्या भागावर ही पट्टी प्लाय वाकवून बसवल्यावरच चिकटवायची. सगळा ट्रॅक आडवा लेव्हल आहे का ते गवंड्याच्या लेव्हलनं बघा, एका बाजूला कललेला असला तर एका लेनला फुकटचा फायदा.

स्टार्टला एक फळी बिजागरीवर, तिला प्रत्येक लेनला एक खिळा, गाड्या खिळ्याला नाक टेकून उभ्या. फळी पुढं आणि खाली पडली पाहिजे आणि गाड्यांपेक्षा जोरात पडली पाहिजे, म्हणून खालून रबर ताणून लावा. शेवटाला जुनी गादी टाका.

पोरांना गाडी कशी करायची ते सांगा

सगळ्या गाड्या एवढ्याच उंचीवरून येतात, म्हणून वेग मिळतो तो उंचीमुळं, वजनामुळं नाही. पण हवा आणि घासण सगळ्यांना अडवते आणि जड गाडीला हवेचा तोटा कमी जाणवतो, म्हणून 150 ला टेकेल एवढं वजन लावायचं. वजन मागं, मागच्या ॲक्सलच्या 2-3 सेंटीमीटर पुढं. उतारावर गाडी नाक खाली करून उभी असते, मागचं वजन थोडं जास्त उंचावर असतं, त्यामुळं ते थोडं जास्त खाली पडतं. अगदी टोकाला नेलं तर पुढची चाकं उचलतात आणि गाडी डुलते. आकाराला फार महत्त्व नाही, पोरांना वाटतं विमानासारखी केली की पळेल. चाक कुठं घासतं का आणि ॲक्सल सरळ आहेत का, हे बघायला लावा, खरी गोष्ट तिथं आहे.

शर्यतीच्या दिवशी

सकाळी तपासणी. काटा एकच, तो म्हणेल ते वजन, घरच्या काट्यावर किती आलं ते विचारायचं नाही. शेजारच्या टेबलावर ड्रिल, वॉशर, एमसील, ग्लू गन, जास्त झालं तर भोक पाडा, कमी झालं तर चिकटवा. पास झालेली गाडी जमा करायची आणि नंबराची चिठ्ठी लावून टेबलावर ठेवायची, त्यानंतर मालकानंसुद्धा हात लावायचा नाही. पालकांसाठी वेगळा खुला गट ठेवा, नाहीतर बाप लोक पोरांच्या गाड्या रात्रभर घासत बसतात.

बाद पद्धत अजिबात नको. पोरानं पंधरा दिवस खपून गाडी केली आणि ती पाच सेकंदात घरी, याला काय अर्थ आहे. नंबर चिठ्ठ्यांनी काढा, पहिल्या फेरीत 1, 2, 3, 4, दुसरीत 2, 3, 4, 5, तिसरीत 3, 4, 5, 6, असं एक-एक पुढं सरकत शेवटी परत 1 वर या. 20 गाड्या असतील तर 20 फेऱ्या आणि प्रत्येक गाडी प्रत्येक लेनमधून एकदा पळते. पहिल्याला 1 गुण, दुसऱ्याला 2, कमी गुण तो वर. एका फेरीला तीन मिनिटं धरली तरी तासाभरात उरकतं. अशानं एखादी गाडी नुसत्या हळू शेजाऱ्यांशीच पळलेली असू शकते, म्हणून वरच्या आठ घेऊन दोन सेमीफायनल आणि मग चौघांची फायनल, ती पण चारही लेन फिरवून.

आता निशाणाचं. 4 फुटांवरून आलेली गाडी घासण नसती तर सेकंदाला जवळपास 4.9 मीटर पळाली असती, खरी थोडी कमीच. स्टॉपवॉच दाबणाऱ्या माणसाचा हात 0.2 सेकंद उशिरा चालतो, तेवढ्यात गाडी जवळपास मीटरभर पुढं गेलेली असते, म्हणून वेळ मोजूच नका, फक्त नंबर लावा. दोन झेंडापंच, दोन्ही बाजूंना, खाली बसून. आणि एक मोबाईल स्टँडवर, बरोबर निशाणाच्या वर, स्लो मोशनमध्ये. साध्या 60 फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेममध्ये गाडी 8 सेंटीमीटर सरकते, 240 फ्रेमला 2 सेंटीमीटर, म्हणजे बहुतेक वाद मिटतात. तरी कळलं नाही तर ती फेरी परत पळवा, पंचांनी अंदाज द्यायचा नाही.

बक्षिसं वेगासाठी तीन, एक सगळ्यात देखण्या गाडीला, एक सगळ्यात शेवटी पोचलेल्या गाडीला. भडंगाची पाकिटं सगळ्यांना.

संपल्यावर पट्ट्यांना जोडाजवळ नंबर टाका, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरच्या मजल्यावर सपाट ठेवा, तळमजल्यावर नको, कृष्णेचं पाणी कधी कुठपर्यंत येईल ते आपल्याला माहीतच आहे.