शेजारची बाई रात्री दारात आली तर काय करायचं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात छोट्या संस्थेत काम करते. आम्ही चौघी आहोत, ऑफिस म्हणजे बसस्टँडमागची एक खोली, त्यात एक टेबल, एक कपाट आणि एक पलंग, कारण आलेल्या बाईला बऱ्याचदा बोलायच्या आधी झोपायचं असतं. हे जे लिहितेय ते मार खाणाऱ्या बाईसाठी कमी आणि तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी जास्त आहे, कारण आमच्याकडं बाई एकटी क्वचितच येते, कोणीतरी तिला घेऊन येतं, आशाताई, अंगणवाडीताई, बचतगटातली मैत्रीण, कधी वेचणीला सोबत जाणारी बाई. हे पहिलं माणूस नीट वागलं तर पुढचं काम निम्मं होतं, आणि तिथंच चूक झाली तर ती बाई पुढं वर्ष वर्ष तोंड उघडत नाही.

तर ती दारात आली. पहिलं म्हणजे तिला आत घ्या, दार लावा, पाणी द्या, आणि गप्प बसा. "काऊन मारलं?" हे विचारूच नका, कारण ते विचारलं की ती स्वतःची चूक शोधायला लागते, भाजीत मीठ जास्त झालं होतं, फोनवर बोलत होती, असं. त्यापेक्षा "आता तुले काय कराव वाटते?" एवढंच विचारा. एक बाई आमच्याकडं आली होती ती म्हणे, "ताई, मले काही कराचं नाही, आजची रात झोपू द्या फक्त." मग झोपू द्यायचं. तिला न विचारता तिच्या माहेरी फोन लावू नका, आणि नवऱ्याला बोलावून "बस, मी समजावतो" हे तर अजिबात करू नका, समोर तो मान हलवतो आणि घरी गेल्यावर त्याचाच हिशोब तिच्या अंगावर निघतो.

चार गोष्टी मात्र त्याच रात्री विचारून घ्याच. गळा दाबला होता का? दाबला असेल तर मानेवर वळ दिसो न दिसो, लगेच दवाखान्यात न्या, आतली इजा बाहेरून दिसत नाही. कुऱ्हाड, विळा घेऊन किंवा जाळायची धमकी दिली का? लेकरं कुठं आहेत, त्याच्याजवळ आहेत का? आणि चौथं, जे विचारायला आपल्यालाच जड जातं, जीव द्यायचा विचार मनात येतो का. सरळ विचारा, विचारल्यानं कोणाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट ती मोकळी होते. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात ठेवा, दवाखान्यात दाखवा. १४४१६ हा टेलीमानसचा नंबर आहे, तिथं समुपदेशक बोलतात, पैसे लागत नाहीत.

जीवाला धोका असेल तर ११२ लावा. सल्ला पाहिजे, पुढं कुठं जायचं ते समजून घ्यायचं तर १८१ महिला हेल्पलाइन. पण फोन तुमच्याच मोबाईलवरून करा, तिच्या मोबाईलचा पॅटर्न नवऱ्याला माहीत असतो आणि तो कॉल लिस्ट बघतो. आमचा नंबर बऱ्याच जणींनी "शिलाई क्लास" नावानं सेव्ह केलेला आहे.

आता दवाखाना, इथं सगळ्यात जास्त नुकसान होताना बघितलंय म्हणून जरा सविस्तर सांगते. एका ग्रामीण रुग्णालयात मी बाईसोबत उशिरा पोहोचले, तोवर सासू आधीच बाजूला उभी होती, डॉक्टरनं विचारलं काय झालं, बाई सासूकडं बघून म्हणाली, "पडली मी, विहिरीच्या पायरीवरून." केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. पुढं कोर्टात समोरच्या वकिलानं तोच कागद काढला, हात नवऱ्यानं पिरगाळून मोडला होता पण कागद म्हणतो पायरी. म्हणून सोबत जाणाऱ्यानं एकच काम करायचं, सासरच्या माणसांना बाहेर थांबवायचं आणि बाईला आत एकटीला बोलू द्यायचं. कोणी मारलं, कशानं मारलं हे तिच्या तोंडून सांगितलं गेलं पाहिजे आणि एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून दवाखान्यातली नोंद, करायला सांगायचं. पोलिसांची चिठ्ठी आणा मगच बघतो असं म्हटलं तर थांबू नका, कायद्यानं दवाखान्याला उपचार द्यावेच लागतात. केसपेपरचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये काढून ठेवा. वळांचे फोटो पण काढा, तिला विचारून, एकात चेहरा आणि वळ दोन्ही दिसतील असा.

बाई घर सोडायला तयार नसेल, आणि बहुतेक वेळा नसतेच, तरी एक थैली तयार करून ठेवता येते. आधार, रेशनकार्ड, पासबुक, लेकरांचे जन्मदाखले, लग्नपत्रिका किंवा लग्नाचा एखादा फोटो, जुने केसपेपर, एक साडी, दहा-वीसच्या नोटांमध्ये थोडे पैसे. मूळ कागद काढले तर घरात लक्षात येतं, तेव्हा झेरॉक्स चालतील. एका बाईची थैली तिच्या शेजारणीच्या घरी सरकीच्या पोत्यामागं होती, लाल दोऱ्यानं बांधलेली, दिवाळीपासून होळीपर्यंत. ती शेजारीण रोज झाडताना ते पोतं हात लावून बघायची. आणि त्याच बाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथं दुधाचे खाडे मांडतात तिथंच, मार पडला त्या दिवशी एक बारीक फुली मारलेली होती. घरात कोणालाच कळलं नाही, पण तक्रार लिहायला बसलो तेव्हा आमच्याकडं तारखा होत्या. नाहीतर बाया सांगतात "नेहमीच मारते" आणि कागदावर काहीच येत नाही.

कायद्याचं आता. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. यात फक्त मारणं धरलेलं नाही, शिव्या, टोमणे, जबरदस्ती, आणि पैसे अडवणं पण धरलंय. मजुरीचे पैसे हातातून काढून घेणं, लाडकी बहीणचे १५०० खात्यात आले की नवऱ्यानं एटीएम घेऊन जाणं, हे सगळं यात बसतं. बायको असलीच पाहिजे असंही नाही, आई, बहीण, सून, विधवा, कोणीही अर्ज करू शकते. आणि शेजाऱ्यांसाठी महत्त्वाचं, कलम ४ नुसार कोणीही ही माहिती संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो आणि चांगल्या हेतूनं दिली असेल तर देणाऱ्यावर काही येत नाही. "घरचं भांडण हाय, आपल्याले काय करा लागते" म्हणणाऱ्याला हे कलम वाचून दाखवा.

संरक्षण अधिकारी महिला व बाल विकास विभागाचे असतात, तालुक्यात नक्की कुठं बसतात आणि कोणत्या वारी सापडतात ते आजच विचारून ठेवा, रात्री शोधत बसू नका. ते घरगुती घटना अहवाल भरतात, तो न्यायदंडाधिकाऱ्याकडं जातो. अधिकारी भेटलेच नाहीत म्हणून काम अडत नाही, सरळ कोर्टात पण अर्ज करता येतो, सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलंय की अहवालाशिवायही आदेश देता येतो. अजून एक, बाई माहेरी आली असेल किंवा तात्पुरती बहिणीकडं राहत असेल तर तिथल्याच तालुक्याच्या कोर्टात अर्ज चालतो, सासरच्या तालुक्याला जावं लागत नाही, ही एक गोष्ट सांगितली की बायांच्या चेहऱ्यावरचं अर्धं ओझं उतरतं. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न असं कायदा म्हणतो, आमच्याकडं प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश मागायला वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा. संरक्षण, राहायला जागा, खर्चाचे पैसे, लेकरांचा ताबा, हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबायचं नाही. बाईला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, तालुका कोर्टात समिती असते, नंबर १५१००. तारखेला जायला एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच.

पोलिसात बऱ्याचदा एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेऊन परत पाठवतात. छळ असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लागतं, पूर्वीचं ४९८अ, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. हद्द आमची नाही म्हटलं तरी गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. राहायची सोयच नसेल तर जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला तात्पुरतं राहता येतं, तिथं दवाखाना, पोलीस, वकील सगळ्यांशी जोडून देतात.

गावात बैठक बसते तेव्हा सांभाळा. तंटामुक्तीवाले चांगल्या मनानं बसवतात हे मला माहीत आहे, पण वीस माणसांसमोर एकट्या बाईला "तुझं काय म्हणणं" विचारलं की ती समझोत्यालाच हो म्हणते. बैठक होणारच असेल तर तिच्या बाजूला दोन बाया बसवा, आणि कोऱ्या किंवा लिहिलेल्या कोणत्याच स्टॅम्पपेपरवर सही-अंगठा करू देऊ नका. स्टॅम्पवरची फारकत म्हणजे कोर्टाचा घटस्फोट नाही, आणि त्यात "माझा काही हक्क राहिला नाही" ही ओळ हमखास घातलेली असते.

आपल्या भागात अजून एक प्रकार खूप आहे. कास्तकार गेला की तेरवी होईपर्यंत सगळे रडतात आणि मग दीर-सासरा सुनेला म्हणतात माहेरी जा. विधवेला सासरच्या घरात राहायचा हक्क आहे, ती त्या वेळी तिथं राहत नसली तरी आहे, सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या त्याच निकालात हे आहे. सातबाऱ्यावर वारसा म्हणून नाव चढवायचा अर्ज तलाठ्याकडं लवकर द्या, माहेरी गेली म्हणून तो हक्क जात नाही.

आणि ती परत गेली तर. जाते. लेकरांसाठी जाते, वेचणीचे पैसे घरात अडकले म्हणून जाते, कधी त्यानं रडून पाय धरले म्हणून जाते. तेव्हा "एवढं केलं तुझ्यासाठी" हे शब्द तोंडातून काढू नका, कारण पुढच्या वेळी तिला यायचं दार तुमचंच आहे. थैली आहे तिथंच राहू द्या. बचतगटाच्या मीटिंगला ती लागोपाठ दोनदा आली नाही, तर कोणीतरी वाटी घेऊन विरजण मागायला तिच्या घरी जा, आणि दारातून परत येऊ नका, तिचा चेहरा बघूनच या.